स्मार्ट कॅमेऱ्यांची एजन्सी आणि दोन एकर द्राक्षबाग

एका वाचकाचं पत्र आलंय. बरंच मोठं आहे, म्हणून कामापुरतं देते:

«मी तासगाव तालुक्यातला. वय 31, इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा. सहा वर्षं पुण्यात एका उपकंत्राटदाराकडे साइट सुपरवायझर आहे. रस्त्यावरचे कॅमेरे, ते बसवायच्या कमानी म्हणजे गॅन्ट्री, फायबर ही आमची कामं. पगार 34 हजार, पण कायम दीड-दोन महिने मागे. गेल्या महिन्यात कोल्हापुरात एका हॉटेलात एका कंपनीने प्रेझेंटेशन दिलं. ‘एआय ट्रॅफिक’ कॅमेऱ्यांची जिल्हा एजन्सी, डिपॉझिट 12 लाख, त्या बदल्यात तेवढ्या रकमेचा माल आणि अख्खा सांगली जिल्हा फक्त माझा. 2030 पर्यंत हे मार्केट अब्जावधी डॉलरचं होणार असा आलेख दाखवला. दिवाळीआधी सही केली तर दीड लाख सूट. दोन एकर बाग गहाण टाकली तर माझा वाटा उभा राहतो, बाकीचे मेहुणा घालतोय. वडील बोलायचे बंद झालेत. बायको म्हणते नोकरी सोडू नका. ह्या लाइनीत खरंच पैसा आहे का, एवढंच सांगा.»

लाइनीत पैसा आहे. त्या एजन्सीत नाही. बाग गहाण टाकू नका.

आता का ते सांगते.

आधी तुमचं जे बरोबर आहे ते. रस्त्यावरच्या ह्या यंत्रांचा धंदा खोटा नाही. फेब्रुवारी 2021 मध्ये राष्ट्रीय महामार्गांवरच्या टोलनाक्यांच्या सगळ्या लेन फास्टॅगच्या झाल्या आणि सुट्ट्या पैशांची कटकट एका झटक्यात मागे पडली. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर जुलै 2024 पासून गॅन्ट्रीवरचे कॅमेरे वेग, लेन, सीटबेल्ट सगळं बघतात आणि चलान मोबाइलवर येऊन पडतं. स्मार्ट सिटीत महाराष्ट्रातली आठ शहरं होती, त्यांत तुमच्या शेजारचं सोलापूरही आलं. या योजनेत देशातल्या शंभर शहरांत नियंत्रण कक्ष उभे राहिले. हे सगळं कुणीतरी विकलं, कुणीतरी बसवलं. तुम्ही स्वतः त्यातले खांब उभे केलेत, तुम्हाला मी काय सांगणार.

पण तो आलेख. असे बाजार-अहवाल मी बरेच चाळलेत. एका अहवालात फास्टॅग धरलेला असतो, दुसऱ्यात नाही. एकात मेट्रोचं तिकीट, पार्किंगचं ॲप, ट्रकचा जीपीएस, सगळं एकाच गोणीत भरलेलं असतं. त्यामुळे दोन अहवालांचे आकडे कधी जुळत नाहीत आणि दोन्ही आपापल्या जागी खरे असू शकतात. तासगावच्या माणसाने त्यातून काय घ्यायचं? त्या अब्जावधी डॉलरमधले किती रुपये मिरजेच्या चौकापर्यंत येतात, हे कुठल्याच आलेखात नसतं. शिवाय वरच्या टोकाला कोण बसलंय तेही बघा. ऑस्ट्रियाची काप्श, नॉर्वेची क्यू-फ्री असल्या कंपन्या. सीमेन्सचा रस्ते-वाहतूक यंत्रणेचा विभाग, म्हणजे आजची युनेक्स ट्रॅफिक, 2022 मध्ये इटलीच्या एका टोलरस्तेवाल्या समूहाने सुमारे 95 कोटी युरोंना घेतला. ती पंगत वेगळी, तिथे जिल्हा एजंटाचं पान मांडलेलं नसतं.

आता सांगली जिल्ह्यात हा कॅमेरा विकत कोण घेईल, ते बोटांवर मोजा. महापालिका. पोलीस, तेही बहुतेक जिल्हा नियोजनच्या निधीतून. सार्वजनिक बांधकाम खातं. राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरण. परिवहन विभाग. संपलं. यातलं कुणीही एजंटाच्या दुकानात येऊन कॅमेरा घेत नाही. खरेदी जेमवर (केंद्राचं सरकारी खरेदीचं पोर्टल) नाहीतर महाटेंडरवर (राज्याचं निविदांचं पोर्टल) होते आणि निविदा भरायला नागपूरचा, इंदूरचा, दिल्लीचा कुणीही मोकळा असतो. ‘सांगली जिल्हा फक्त तुमचा’ हे वाक्य त्या कंपनीने दुसऱ्या एजंटाला सांगितलेलं असेल नसेल, पण महापालिकेला त्याच्याशी काही देणंघेणं नाही. जो पात्र ठरेल आणि एल-वन, म्हणजे सगळ्यात कमी दराचा, येईल, काम त्याचं.

आणि पात्र ठरणं म्हणजे काय ते तुमच्या शेठला विचारा. तीन वर्षांची उलाढाल, तशाच कामाचा दाखला, परफॉर्मन्स सिक्युरिटी म्हणजे काम नीट होण्याच्या हमीची ठेव, वर पाच वर्षांची देखभाल. पहिल्या दोन अटींवरच नवी फर्म बाहेर पडते. सूक्ष्म-लघु उद्योगाला निविदा भरतानाच्या अनामत रकमेची माफी मिळते, ती घ्यावी, पण अनुभवाचा दाखला कुठून आणणार? म्हणून मग मोठ्या कंपनीच्या हाताखाली घुसायचं. त्यासाठी 12 लाख डिपॉझिट लागत नाही. कॅमेरा बनवणारी खरी कंपनी निविदेसाठी ऑथरायझेशन लेटर फुकट देते, कारण तिचाच माल खपणार असतो.

डिपॉझिटच्या बदल्यात मिळणाऱ्या मालावर जरा थांबा, मला खरी भीती त्याची आहे. 9 एप्रिल 2025 पासून सीसीटीव्ही कॅमेऱ्यांना केंद्राने सुरक्षा-चाचणीची अट घातलीय. मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचा अहवाल नसलेलं मॉडेल विकता येत नाही. सरकारी खरेदीत त्याशिवाय स्थानिक मूल्याचं प्रमाण बघतात: निम्मं किंवा जास्त असेल तर पहिला वर्ग, 20 टक्क्यांच्या खाली असेल तर साध्या देशी निविदेत बहुधा प्रवेशच नाही. आता विचार करा, 2025 च्या आधीचा, चाचणी न झालेला माल एखाद्याच्या गोदामात अडकला असेल तर तो काय करेल? हॉटेल बुक करेल, आलेख दाखवेल आणि दिवाळीची सूट देईल. ही कंपनी तशीच आहे असं मी म्हणत नाही. पण मॉडेल नंबरानिशी चाचणी अहवाल मागा आणि तो खरा आहे का ते स्वतः पडताळा. ‘प्रोसेसमध्ये आहे’ असं उत्तर आलं तर तो विषय तिथेच संपला समजा.

‘एआय’ या शब्दाचंही तेच. कॅमेऱ्याने नंबरप्लेट वाचली म्हणजे चलान निघालं, असं नसतं. मोटार वाहन कायद्यात 2019 च्या दुरुस्तीने कलम 136-अ आलं आणि ऑगस्ट 2021 मध्ये नियम 167-अ. दंडासाठी वापरायच्या यंत्राला राज्याने ठरवलेल्या प्राधिकरणाचं प्रमाणपत्र लागतं आणि ते दरवर्षी नवं करावं लागतं. कॅमेरा आहे अशी पाटी आधी लावावी लागते. चलानाची नोटीस 15 दिवसांत पाठवावी लागते. वेग मोजणाऱ्या रडारला तर 1 जुलै 2025 पासून वैधमापनाची पडताळणी आणि शिक्का हवा, बाजारातल्या तराजूला असतो तसा. त्या प्रेझेंटेशनमध्ये यातलं काय होतं, तुमच्या पत्रात तर एक शब्दही नाही.

आणखी एक, जे कुठल्याच एजन्सीवाल्याच्या तोंडी येत नाही. सरकार जसं हे मार्केट उभं करतं तसंच एका रात्रीत गुंडाळतंही. ऑक्टोबर 2024 मध्ये मंत्रिमंडळाने मुंबईच्या पाचही प्रवेश-नाक्यांवर हलक्या वाहनांचा टोल माफ केला. चालक खूश झाले, होणारच. पण त्या नाक्यांच्या हलक्या वाहनांच्या लेनसाठी कुणी बूम बॅरिअर आणि रीडरचा स्टॉक भरून ठेवला असेल, तर त्याचं काय झालं असेल? गुजरातेत चोर्यासीच्या नाक्यावर बिना-अडथळ्याच्या टोलचा करार 2025 मध्ये झाला. गाडी न थांबता जाणार म्हणजे बूमची गरजच संपली. स्मार्ट सिटी योजना 31 मार्च 2025 ला बंद झाली, म्हणजे त्या योजनेतून नवीन खरेदीला पैसा नाही. आणि ई-चलानांवरून तर वातावरण तापलेलंच आहे, मालवाहतूकदारांनी जुलै 2025 मध्ये त्यावरून संपही केला. अशा बाजारात माल भरून बसणारा माणूस सगळ्यात आधी मरतो.

तरीही मी म्हटलं लाइनीत पैसा आहे. तो कुठे, ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहिती आहे, फक्त तुम्ही त्याला धंदा समजत नाही.

योजना बंद झाल्या, यंत्रं रस्त्यावरच आहेत. ती चालू ठेवायची कुणी? तुमच्या पत्रात मधेच एक ओळ आहे, जाता जाता लिहिलेली: एका शहरात कॅमेरे रोज संध्याकाळी चालू आणि दुपारी बंद व्हायचे, सगळे म्हणत होते सॉफ्टवेअरची गडबड, आणि तुम्ही जाऊन बघितलं तर खांबाची लाइन स्ट्रीटलाइटच्या फीडरवरून घेतलेली होती. सकाळी दिवे बंद की लाइन बंद; मग यूपीएस ओढायचा आणि दुपारपर्यंत बॅटरी बसायची. पूर्ण पत्रात मला आवडलेली ओळ ती. पुण्या-दिल्लीच्या मुख्य कंत्राटदाराला त्या दिवसांचा दंड बसलाच असणार, कारण करारात अपटाइमची अट असते आणि कॅमेरा बंद राहिला की बिलातून कापतात. त्याच्या इंजिनिअरने लॅपटॉपवर लॉग बघितले. तुम्ही जंक्शन बॉक्स उघडला.

असंच घड्याळांचं. द्रुतगती मार्गावर सरासरी वेग पकडतात तो दोन गॅन्ट्रींमधल्या वेळेवरून. समजा अंतर 10 किलोमीटर आणि मर्यादा ताशी 100, म्हणजे सरळ गाडीला 6 मिनिटं लागणार. एका गॅन्ट्रीचं घड्याळ अर्धा मिनिट सरकलं की यंत्राच्या हिशेबाने तीच गाडी साडेपाच मिनिटांत आली, म्हणजे वेग 109. शंभरने जाणाऱ्या प्रत्येकाला चलान. अशा एका चुकीवरून अख्खी यंत्रणा बदनाम होते आणि दुरुस्ती काय, तर टाइम सर्व्हरशी तुटलेली जोडणी परत करायची. मग भिंगावरची धूळ, फांदी वाढून आड आलेली, फायबर जेसीबीने तोडलेली, पावसाळ्यात अर्थिंग नसल्यामुळे उडालेला स्विच, इन्फ्रारेडचा दिवा गेल्यामुळे रात्री न वाचल्या जाणाऱ्या प्लेटा. (प्लेटांवर ‘दादा’ आणि ‘भाऊ’ लिहिणाऱ्यांना कुठलाच एआय वाचू शकत नाही. एचएसआरपी, म्हणजे ती एकसारखी सरकारी नंबरप्लेट, सगळीकडे लागली की तेवढा एक त्रास कमी होईल. उसाच्या ट्रॉलीला मुळात प्लेटच नसते, तो वेगळा विषय.)

ही कामं कोल्हापूर, सांगली, सोलापूर, सातारा या पट्ट्यात दोन-चार तासांत जाऊन करणारा माणूस मुख्य कंत्राटदारांना हवा असतो. पुण्याहून गाडी आणि दोन माणसं पाठवायची तर दिवस जातो आणि दंडाचं मीटर चालू राहतं. तुमचा धंदा हा. फायबर जोडायचं स्प्लायसिंग मशीन, फायबर कुठे तुटली ते दाखवणारं ओटीडीआर, एक जुनी पिकअप, हाताखाली दोन पोरं, थोडे सुटे भाग. शिडीची गाडी लागेल तेव्हा भाड्याने. हे सगळं 12 लाखांच्या बरंच आत बसतं, मशीन जुनं घेतलं तर फारच आत. आणि उद्या धंदा नाही चालला तर स्प्लायसिंग मशीन विकलं जातं, चाचणी नसलेला कॅमेरा नाही.

पैशाची गोष्ट मात्र कडक ठेवा. तुमचा पगार दीड महिना मागे का असतो? शेठ वाईट आहे म्हणून नव्हे. त्याचं बिल मुख्य कंत्राटदाराकडे अडकलेलं, त्याचं महापालिकेकडे, आणि महापालिकेचं अनुदान कुठेतरी वर. उद्या त्या साखळीत तुम्ही सगळ्यात खाली असाल. म्हणून पहिल्या दिवशी उद्यम नोंदणी (सूक्ष्म-लघु उद्योगाची सरकारी नोंद), तिला पैसे लागत नाहीत. सूक्ष्म-लघु उद्योगाचं बिल लेखी करार असेल तर जास्तीत जास्त 45 दिवसांत द्यावं लागतं, नाहीतर बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज लागू होतं. शिवाय प्राप्तिकराच्या नियमामुळे तुमचे पैसे मुदत उलटून वर्षअखेरपर्यंतही दिले नाहीत तर खरेदीदाराला तो खर्च त्या वर्षी वजा करता येत नाही. मार्चमध्ये सीएचा फोन गेला की अडलेली बिलं कशी सुटतात ते बघाल. वाद झालाच तर सरकारच्या ऑनलाइन पोर्टलवर तक्रार करता येते. पण एक खाच आहे: माल आणि सेवा यांना हा कायदा आहे, खोदाईसकट सगळं एकत्र असलेलं ‘वर्क्स कॉन्ट्रॅक्ट’ त्यात बसतं का यावरून कोर्टात वाद झालेत. तेव्हा देखभालीचा करार वेगळा आणि सिव्हिलचं काम वेगळं लिहून घ्या. दरमहा ठरलेली रक्कम, वर प्रत्येक भेटीचा दर. जेसीबीने तोडलेली फायबर, चोरीला गेलेली बॅटरी हे वेगळ्या बिलावर, हे स्पष्ट लिहा. हे लिहिलं नाही तर सगळं ‘देखभालीत’ धरतात.

आणि सगळी अंडी सरकारी टोपलीत नको. प्रवासी वाहतूक करणाऱ्या बस-टॅक्सीसारख्या गाड्यांना ठावठिकाणा दाखवणारं यंत्र आणि आणीबाणीचं बटण लागतं, तो एआयएस-140 चा नियम 2019 पासून नव्या गाड्यांना लागू आहे. यंत्राला मान्यता पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेची हवी. यंत्र विकण्यात आता चढाओढ भयंकर आहे, मार्जिन नाही. पण बस पासिंगला गेली आणि सिग्नलच मिळेना, असं झालं की मालक हातघाईवर आलेला असतो, तेव्हा दुरुस्ती करणाऱ्याला रोख मिळतात. शिवाय तुमच्या आजूबाजूला साखर कारखाने आहेत. यार्डात वाहनांचा क्रम, काट्यावर गाडीचा फोटो, आत-बाहेरची नोंद, हे तुमच्याच कॅमेऱ्यांचं काम आहे. काटामारीचा संशय शेतकऱ्याच्या डोक्यातून काही जात नाही, तेव्हा काट्यावरची नोंद चोख ठेवणं कारखान्याच्याही सोयीचं. हंगाम सुरू व्हायच्या आत दोन कारखान्यांच्या चीफ इंजिनिअरना भेटा. हंगामात गेलात तर पाच मिनिटंही देणार नाहीत, आणि बिलाची तारीख मात्र हंगामातलीच ठरवून घ्या, नंतर कारखान्यांचं काय होतं ते ऊसवाल्या घरात सांगायला नको.

घरचं. वहिनी बरोबर सांगताहेत, पण कायमचं नाही. नोकरी आणखी सहा-आठ महिने करा आणि त्या काळात एक लेखी करार मिळवा, एकच. मुख्य कंत्राटदारांचे प्रोजेक्ट मॅनेजर तुम्हाला नावाने ओळखतात, ही सहा वर्षांची कमाई आहे. मात्र शेठच्या वेळेत आणि शेठच्या मशीनवर स्वतःचं काम करू नका, आणि नेमणूक-पत्रात ग्राहक न फोडण्याची अट आहे का ते वाचा. शेठलाच सरळ सांगितलंत तर तोच पहिला करार देऊ शकतो. त्यालाही सांगली-कोल्हापूरकडे माणूस पाठवणं परवडत नाही.

मेहुण्याचा विषय नाजूक आहे. ते चांगल्या मनानेच पैसे घालताहेत, पण ते कॅमेऱ्यांच्या आलेखावर भाळलेत, जंक्शन बॉक्सवर नाही. भागीदारी केलीत तर पहिलं बिल अडकल्यावर सणाच्या दिवशी घरात तोच विषय. त्यांना सांगा, मशीनपुरते पैसे उसने द्या, व्याज ठरवू, स्टॅम्पपेपरवर लिहू, दोन वर्षांत फेडतो. ‘आपल्यात कशाला कागद’ असं म्हणाले तर तुमच्या बायकोलाच बोलू द्या, भाऊ तिचा आहे.

वडिलांशी आज संध्याकाळी बोला. बाग गहाण पडणार नाही एवढं एक वाक्य आधी सांगा, बाकीचं मग ऐकतील. आणि त्या कंपनीचा माणूस दिवाळीआधी परत फोन करेल, तेव्हा सूट-बिट काही बोलू नका. त्याच्या एजन्सीवाल्या कुठल्याही एका जिल्ह्यातली, एजंटाच्या नावावर निघालेली एक सरकारी वर्क ऑर्डर व्हॉट्सॲपवर पाठवायला सांगा. आली तर मला कळवा, मी पुन्हा लिहीन.